पूर्ण पैसे देणाऱ्याच्याच वाट्याला अर्धवट गेम काहून?

"आता तं मस्त चालते ना बे, मग काहून रडून राहिला?" टोटल वॉर रोम टू या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेमचा विषय निघाला की कोणी ना कोणी हे बोलतेच. तं आज लिहूनच टाकतो, पोस्ट मोठी आहे, कंटाळा आला तं सरळ स्क्रोल करा.

टोटल वॉर रोम टू 3 सप्टेंबर 2013 ला आला. ज्यांनी 2004 चा पहिला रोम शाळा-कॉलेजात असताना रात्र रात्र खेळला होता ते पोट्टे तोवर नोकरीला लागले होते, खिशात पैसे होते, आणि गेम बनवणाऱ्या कंपनीने हवा पण तशीच केली होती. आधीच्या गेमपेक्षा बजेट 40 टक्के जास्त, 117 फॅक्शन (म्हणजे राज्यं, टोळ्या), कार्थेज शहराच्या वेढ्याचा तो डेमो जो पाहून डोळे फाटले होते, वरून प्री-ऑर्डर केली, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरले, तं अथेन्स, स्पार्टा, एपिरस हे फॅक्शन फुकट, नाही केली तं नंतर वेगळे पैसे. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, एकाच वेळी लाखाच्या वर लोक खेळत होते.

आणि हाती काय आलं? कॉम्प्युटरची फौज शहराला वेढा घालायची, भिंतीपर्यंत यायची आणि तिथंच उभी राहायची. वरून बुरुज बाण मारून राहिले, माणसं पटापट पडून राहिली, पण कोणी हलायला तयार नाही. शिड्या, दार फोडायचे ओंडके यांची तशीही गरज नव्हती कारण साधा पायदळ शिपाई हातातली मशाल फेकून शहराचं दार जाळू शकत होता! मोकळ्या मैदानातल्या लढाईत पण एक झेंड्याची जागा दिलेली, ती धरून बसलं की जिंकलं, म्हणजे हॅनिबलने कॅनेच्या लढाईत रोमनांना हरवायला उगाचच एवढं डोकं लावलं म्हणायचं. आपली टर्न (पाळी) संपवली की बाकीच्या सगळ्या फॅक्शनच्या चाली होईपर्यंत चहा मांडून, पिऊन, कप विसळून यावं. पहिल्या रोममध्ये होता तो घराण्याचा वंशवृक्षच गायब, तो परत आला थेट 2018 मध्ये.

लोकं चिडले, आणि कसे चिडले! त्याच आठवड्यात इकडे नागपुरात पोळा होता आणि तान्ह्या पोळ्याला आपली मारबत. महालात-इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बायांचे मोठे पुतळे, आणि मागे ते बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ज्याच्यावर गावाचा राग त्याचा बडगा, गळ्यात पाटी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत". इंटरनेटवर हुबेहूब तेच चालू होतं, फक्त बडगा कंपनीचा होता. व्हिडिओवर व्हिडिओ, उभ्या फौजांचे, एकमेकांतून आरपार जाणाऱ्या जहाजांचे. शेवटी माईक सिम्पसन, जे या सिरीजचे जुने जाणते, त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि दर आठवड्याला पॅच, म्हणजे गेममधल्या चुका सुधारणारं अपडेट, द्यायचं कबूल करावं लागलं.

पॅच आले, खोटं काहून बोलू. सप्टेंबर 2014 मध्ये एम्परर एडिशन, म्हणजे गेमची सुधारलेली आवृत्ती, आली, ज्यांच्याकडे गेम होता त्यांना फुकट, ऑगस्टसची मोहीम सोबत. आज रोम टू खरंच चांगला गेम आहे, डिव्हाइड एट इम्पेरा मॉड (म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेले बदल) टाकला तं अजूनच भारी, आणि तो मॉड पण खेळणाऱ्यांनीच बनवला, पगार न घेता.

पण हिशोब पहा ना. माझा भाचा परवा विचारून राहिला, "मामा, सेलमध्ये स्वस्त पडून राहिला, घेऊ का?" म्हटलं घे, बिनधास्त घे. त्याला दुरुस्त झालेला गेम मिळेल, तोही कमी पैशात. आणि ज्याने 2013 ला, कंपनीवर सगळ्यात जास्त विश्वास होता म्हणून, सगळ्यात आधी पूर्ण पैसे मोजले त्याला मिळाला सगळ्यात खराब माल. माझा पॉइंट एवढाच आहे. बग सगळ्याच गेममध्ये असतात हो, पण इथं जो जेवढा पक्का फॅन तेवढा त्याला जास्त भुर्दंड. नंतर सुधारला म्हणजे त्याचे पैसे फिटले असं नाही होत.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. याच कंपनीचा 2009 चा एम्पायर आठवा. त्यात मराठे घेऊन खेळता येत होतं, आख्ख्या हिंदुस्थानचा नकाशा होता, आपल्याकडच्या पोट्ट्यांना अजून काय पाहिजे! गेम 1700 ला सुरू होते, म्हणजे बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवायच्याही 2 वर्षं आधी. सुरुवातीला त्यात मोठा घोळ हा की कॉम्प्युटरला जहाजात सैन्य भरून समुद्रापार हल्लाच करता येत नव्हता. म्हणजे अठराव्या शतकाचा गेम आणि त्यातला इंग्रज घरीच बसलेला! इकडे आपण 1817 ला नागपुरातल्या बर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजाकडून हरलो, किल्ला अजून तिथंच उभा आहे, आणि गेममध्ये मराठ्यांना दर्यापारची काळजीच नाही. पॅचने ते नंतर सुधारलं, पण तेवढ्यात फेब्रुवारी 2010 ला नेपोलियन आला, वेगळा गेम, वेगळे पैसे. तेव्हाही लोकं असेच चिडले होते आणि 3 वर्षांनी त्याच लोकांनी रोम टू ची प्री-ऑर्डर केली.

कोणी म्हणेल आता स्टीमवर रिफंड मिळते ना. मिळते, 2015 पासून. 14 दिवसांच्या आत आणि खेळणं 2 तासांच्या खाली पाहिजे. शूटिंगच्या गेमला ठीक आहे, पण टोटल वॉरमध्ये 2 तास तं नकाशा समजून घेण्यात आणि टॅक्स किती ठेवायचा ते ठरवण्यात जातात, कॉम्प्युटरच्या फौजेला वेढा जमत नाही हे कळेपर्यंत तुमचा रिफंड केव्हाचाच गेलेला असते.

पैसे परत देता येत नाहीत असंही नाही. 2023 मध्ये याच सिरीजचा फेरो पूर्ण किमतीला काढला, लोकांनी यावेळी राग व्हिडिओत कमी आणि न विकत घेऊन जास्त दाखवला, डिसेंबरात कंपनीने किंमत उतरवली आणि ज्यांनी आधीच जास्त पैसे भरले होते त्यांना फरकाची रक्कम परत केली. मला वाटते हाच नियम पाहिजे. पहिल्या वर्षात मोठी दुरुस्ती करावी लागली तं पहिल्या दिवसाच्या गिऱ्हाइकाला पैसे परत, त्यात उपकार कसले.

शिव्यांचं मात्र मला पटत नाही. रोम टू च्या वेळी कोडिंग करणाऱ्या साध्या माणसांची आईबहीण काढणारे पण कमी नव्हते. अर्धवट गेम कोणत्या तारखेला दुकानात टाकायचा हे तो बिचारा ठरवते का? शिवी दिली की मन हलकं होते आणि तोच माणूस पुढच्या गेमचा ट्रेलर आला की कार्ड काढून तयार. प्री-ऑर्डर नका करू यार, डाउनलोडचा गेम आहे, स्टॉक संपणार आहे का?

आणि कमेंटमध्ये "शोगुन टू बेस्ट", म्हणजे याच सिरीजचा आधीचा गेम बेस्ट, असं लिहिणाऱ्यांनो, मान्य आहे, पण आजचा विषय तो नाही.