रजिस्टरं भरायची की रुग्ण बघायचे?

दुपारचे दोन वाजलेत. बाहेर बाकावर तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर पडलंय आणि आत नर्स मान खाली घालून लिहितेय. ती कामचुकार नाही. उद्या आढावा बैठक आहे. गरोदर मातांचं रजिस्टर वेगळं, लसीकरणाचं वेगळं, क्षयरोगाचं वेगळं, मलेरिया, एचआयव्ही, कुटुंब नियोजन, औषधांचा साठा, सगळ्यांची वेगवेगळी. एकाच बाईचं नाव आणि वय पाच ठिकाणी उतरवायचं. तेच महिनाअखेरीला तक्त्यात भरायचं, आणि तेच पुन्हा टॅबवर. हे काम मी केलंय. पुढे, ज्या टेबलावर हे तक्ते येऊन पडतात तिथेही बसलेय. म्हणून छातीठोकपणे सांगते, यातले कितीतरी आकडे कुणी बघतसुद्धा नाही. आकडा चुकला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण रकाना रिकामा राहिला की लगेच फोन येतो.

आणि याला आरोग्यव्यवस्थेतली सुधारणा म्हणायचं? गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं गरीब देशांत हेच चाललंय. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात जगभरचे देश जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य देऊ म्हणाले. घराजवळ दवाखाना आणि तिथे सगळ्या दुखण्यांवर प्राथमिक उपचार, इतकी साधी गोष्ट होती ती. वर्षभरातच तज्ज्ञांनी मांडलं की एवढं सगळं परवडणार नाही, निवडक आजार हाती घ्या. मग बाळाच्या वाढीचा तक्ता, जलसंजीवनी, स्तनपान, लसीकरण अशी मोजकी कामं पुढे आली. त्यांनी लाखो मुलं वाचली, ते मी नाकारणार नाही. पण तेव्हापासून खोड लागली ती लागलीच. प्रत्येक आजाराचा वेगळा कार्यक्रम, वेगळा निधी, वेगळी गाडी, वेगळा अधिकारी, वेगळा फॉर्म. २००२ला एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड आला, २००३ला अमेरिकेचा एड्सविरोधी कार्यक्रम. पैसा खरा होता, औषधंही खरी होती, माणसं जगली. पण हे सगळे कार्यक्रम वरून वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि खाली एकाच बाईच्या टेबलावर येऊन आदळतात. तिच्या जोडीला दुसरी बाई कुठून आणायची, याचा विचार कुणी केला? २००६च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेनेच लिहिलं की ५७ देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांचा गंभीर तुटवडा आहे आणि जगात सुमारे ४३ लाख माणसं कमी पडताहेत. अहवाल छापला, परिषदा झाल्या, आणि आहे त्याच माणसांच्या हातात आणखी एक रजिस्टर ठेवलं.

फ्रीजची गोष्ट आठवली की माझं डोकं फिरतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलं की त्याचा जोर ओसरतो. आरोग्य केंद्रात फ्रीज असतो, चालूही असतो, पण तो लसीकरण कार्यक्रमाचा. त्यात लसीशिवाय काही ठेवायचं नाही, असा दंडक कित्येक देशांत वर्षानुवर्षं पाळला गेला. म्हणजे लस थंड, इंजेक्शन गरम, आणि दोन्हींत अंतर चार पावलांचं! जागा आहे तिथे लसींच्या फ्रीजमध्ये ऑक्सिटोसिन ठेवा, हे सांगायला मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना एकत्र येऊन निवेदन काढावं लागलं. अहो, जगात दरवर्षी हजारो बायका बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने मरतात. सगळ्या काही फ्रीजमुळे मरत नाहीत, पण टाळता आलं असतं असं एक जरी मरण त्यात असेल तरी हा फ्रीज कुणाच्या निधीतून आला हा वाद घालणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते?

बरं, कागदाला कंटाळले म्हणून मोबाइल आले. जो उठतो तो प्रायोगिक प्रकल्प घेऊन येतो. दोन वर्षं चालवायचा, फोटो काढायचे, निधी संपला की गाशा गुंडाळायचा. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने शेवटी २०१२ साली असे सगळे डिजिटल प्रकल्प थांबवण्याचा आदेश काढला, कारण एकाचा दुसऱ्याशी मेळच नव्हता. त्या मंत्रालयाचं मला कौतुक वाटतं. देणाऱ्याच्या तोंडावर 'थांबा' म्हणायला हिंमत लागते.

त्याच देशाने २००१ला सरकारी दवाखान्यांतली फी रद्द केली होती. योग्यच केलं. गरीब माणसं दारात आली, गर्दी उसळली, आणि औषधांचे साठे संपायला लागले. शिव्या कुणी खाल्ल्या? घोषणा करणाऱ्याने नव्हे. खिडकीत बसून 'औषध संपलंय' सांगणाऱ्या बाईने.

हे होतच नाही, असं मला कुणी सांगू नये. थायलंडने २००२ला सर्वांसाठी आरोग्य योजना आणली, ती काय एका रात्रीत? त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी तालुक्यांत रुग्णालयं बांधली, डॉक्टरांना गावात सक्तीची सेवा लावली, नर्स तयार केल्या. आधी माणसं उभी केली, मग योजना. हे कंटाळवाणं काम आहे, पाच वर्षांच्या प्रकल्प-अहवालात ते बसत नाही, फीत कापायला त्यात काही नसतं. म्हणून ते कुणाला नको असतं.

आणि उसन्या खांबांवर उभं केलेलं छप्पर किती टिकतं, तेही पाहिलं आपण. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली आणि कित्येक देशांत एचआयव्हीची केंद्रं बंद पडली, त्या निधीवर पगार घेणारी माणसं घरी बसली. त्यांचा अनुभव, त्यांची रुग्णांशी असलेली ओळख, सगळं एका पत्राने वाऱ्यावर. ती माणसं सरकारी आस्थापनेवर का नव्हती? वीस वर्षांत तेवढं जमलं नाही?

मला नवी चौकट नको, नवं धोरणपत्रही नको. रिकामी पदं भरा. पगार वेळेवर द्या. एका रुग्णाची एकदाच नोंद घ्या आणि ज्याला जो आकडा हवा त्याने तो तिथून उचलावा. एवढी साधी मागणी मी स्वतः एका बैठकीत उभी राहून मांडली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी नवं अॅप आलं, आणि सोबत पत्र: पुढील आदेश येईपर्यंत जुनी सर्व रजिस्टरंही चालू ठेवावीत. तो पुढील आदेश मी तिथून निघेपर्यंत आला नव्हता.