अडकलेली पुंगळी स्टीलची नव्हतीच

नमस्कार.

टेक्ससमध्ये बंदुका-काडतुसांचं दुकान काढल्यापासून इंग्रजी आणि स्पॅनिश शिव्या भरपूर खाल्ल्या, मराठीतून पहिल्यांदाच मिळाल्या. म्हणून उत्तरही मराठीतच.

तुमचं म्हणणं असं: आमच्याकडून घेतलेली .२२३ मापाची, स्टीलच्या पुंगळीची (म्हणजे दारू भरलेल्या बाहेरच्या नळकांड्याची) रायफलची काडतुसं नेमबाजीच्या रेंजवाल्यांनी दारातच अडवली, मग मित्राच्या शेतात मारली तर रायफलमध्ये पुंगळी अडकली, आणि आम्ही ‘स्वस्ताच्या नावाखाली भंगार’ विकतो.

रेंजवर अडवलं, ती चूक आमची. ‘कुठे मारणार?’ हे काउंटरवरच्या पोरानं विचारायलाच हवं होतं. बऱ्याच इनडोअर रेंजवर काडतुसाला लोहचुंबक लावून बघतात. तो नुसता पुंगळीला नाही, गोळीलाही चिकटतो, कारण या मालात तांब्याच्या पातळ थराखाली पोलादाचं आवरण असतं आणि त्याच्या आत शिसं. अशा गोळीनं ठिणग्या उडतात, गोळ्या अडवणारी मागची भिंतही लवकर खराब होते. शिवाय रेंजवाले पितळी पुंगळ्या गोळा करून विकतात; त्यात स्टील मिसळलं की निवडत बसावं लागतं. हे कारण पाटीवर लिहीत नाहीत, एवढंच.

आता पुंगळी. तुम्हीच लिहिलंय की २०० स्टीलची मारल्यावर पितळी भरली आणि तिसरीच अडकली. म्हणजे अडकली ती पितळी! बार उडताना पितळ फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला) घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसतं. स्टील तितकं फुगत नाही. फटीतून वायू मागे येतो आणि चेंबरमध्ये काजळी धरते. त्या काजळीवर पितळ फुगलं की रुतून बसतं. ‘लॅकर वितळून चिकटलं’ असं तुमच्या मित्रानं सांगितलं, पण तुमच्या खोक्यातल्या मालावर लॅकरचा (रोगणाचा) लेप नाही, पॉलिमरचा आहे. स्टीलवरून पितळेवर जाताना मध्ये चेंबरला ब्रश मारायचा, बस. एके रायफलवाल्यांना हा ताप कमी, कारण त्यांच्या ७.६२×३९ काडतुसाची पुंगळी चांगलीच निमुळती, सहज सुटते. .२२३ची जवळपास सरळ.

भंगार म्हणाल तर नाही म्हणेन, पण याची भलामणही करणार नाही. स्पर्धेला मी स्वतः हा माल वापरत नाही. हजारो गोळ्यांनंतर नळी तांब्याच्या आवरणाच्या गोळीपेक्षा लवकर झिजते. पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे घरी रीलोडिंग करणाऱ्यानं घेऊच नयेत. स्टीलचा असा माल बराचसा रशियातून यायचा; सप्टेंबर २०२१पासून अमेरिकेत रशियन मालाला आयातीचे नवे परवाने बंद झाले, तेव्हापासून पूर्वीची स्वस्ताईही राहिली नाही. तरी नुसता हात बसवायला, मोकळ्या रेंजवर, दोन पैसे वाचतात म्हणून लोक नेतात.

विकलेली काडतुसं आम्ही परत घेत नाही. तुमची सीलबंद खोकी मात्र घेतो, पितळी देतो, वरचा फरक तेवढा भरा. अडकलेली पुंगळी आमचा गनस्मिथ फुकट काढून देईल. तोवर सळई घालून ठोकाठोक करू नका. येताना मॅगझिन काढून, रायफल पिशवीत घालून आणा. रविवारी दुकान बंद असतं.