'आठ दिवस खोलीत ठेवा': बायकांच्या दारूवर फिरणारा घातक सल्ला

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज असा: 'बाईमाणसाला व्यसनमुक्ती केंद्रात कशाला ठेवता? आठ दिवस खोलीत ठेवा, जेवणातून गुपचूप औषध द्या. केंद्रात आईपासून मूल तोडतात, आणि बाहेर आली की पुन्हा तेच.' शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीचं जिवावर बेतू शकतं.

'आठ दिवस खोलीत ठेवा.' रोज पिणाऱ्या बाईची दारू एकदम तोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. भास, ताप, बडबड (डिलिरियम) साधारण ४८ ते ९६ तासांत. म्हणजे 'दोन दिवस निभावले' म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमके तेव्हाच. केंद्रात या दिवसांत नाडी आणि रक्तदाब वारंवार तपासतात, दारू सुटतानाचा हा त्रास शमवणारी क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी उतरत्या डोसने देतात. यकृत बिघडलं असेल तर त्याऐवजी लोराझेपाम. आणखी एक नेहमीची चूक: 'अशक्तपणा आहे' म्हणून बाहेरून ग्लुकोजचं सलाईन लावून आणतात. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं नाही तर त्याने मेंदूला इजा होऊ शकते.

'बाई पिऊन पिऊन किती पिणार?' असंही त्यात जोडलेलं असतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृतही लवकर बिघडतं. शिवाय केंद्रात येणाऱ्या सगळ्याच दारू पिणाऱ्या नसतात. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाईच्या गोळ्या अचानक काढल्या तर तिलाही फिट येऊ शकते. त्या आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरवाव्या लागतात. अफूजन्य पदार्थ घेणारी गरोदर असेल तर एकदम तोडणं गर्भालाही धोक्याचं. म्हणून दाखल होतानाच गर्भचाचणी करायची.

'गुपचूप औषध.' ही पुडी बहुधा डायसल्फिरामची असते. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. घेणाऱ्याला माहीत असेल तरच औषध उपयोगाचं, नाहीतर तो विषप्रयोगच. जेवणावरचा तिचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

'मूल तोडतात.' मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (कलम २१) सांगतो: तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. मुलाच्या सुरक्षिततेसाठी केलंच, तर आईला देखरेखीखाली भेट मिळालीच पाहिजे, दर पंधरा दिवसांनी फेरविचार हवा, आणि सलग ३० दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. मात्र मुलासकट राहायची सोय सगळीकडे नसते; फोनवरच विचारा. त्याच फोनवर हेही विचारा: रात्रपाळीला स्त्री कर्मचारी असते का, पुरुषांच्या वॉर्डापासून दार वेगळं आहे का, डॉक्टर रोज येतात का. केस कापण्याची 'शिस्त' सांगितली तर तिथेच थांबा. सक्तीचं मुंडन याच कायद्याने वर्ज्य आहे.

'बाहेर आली की पुन्हा तेच.' घसरण होते, खरं. पण सुटका झाल्यावर ती त्याच मारहाणीच्या घरात, फॉलो-अपशिवाय परतली, तर दोष महिनाभराच्या मुक्कामाला कसा द्यायचा? पुढच्या भेटीची तारीख, तिच्यासोबत येणारी व्यक्ती आणि घरात बाटली कोण आणतं याचं उत्तर डिस्चार्जच्या आधी ठरलं पाहिजे. कुठे विचारायचं कळत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.