हाताला मुंग्या म्हणजे बी-१२ कमी? बोटं आधी बघा

हा मेसेज बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं म्हणजे बी-१२ कमी. तपासण्यांवर पैसे घालवू नका, आधी इंजेक्शनं आणि ‘नसांच्या गोळ्या’ सुरू करा, त्यांनी अपाय काहीच होत नाही. आणि नसांची तपासणी नॉर्मल आली तर दुखणं मनाचंच, असा त्याचा आशय. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून बाकीचेही खपून जातात.

बी-१२ कमी पडलं की नसा बिघडतात, यात वाद नाही. प्राणिज पदार्थ अजिबात न खाणारे, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, जठराचं ऑपरेशन झालेले, यांनी ही शंका जरूर घ्यावी. पण हा त्रास बहुधा पायांपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि डोळे मिटले किंवा अंधार झाला की तोल जातो. फक्त उजव्या हाताची तीन बोटं बधिर होत असतील तर त्याचं खापर बी-१२वर कसं फोडणार? रक्तातलं जीवनसत्त्व बोटं मोजून कमी होत नाही.

म्हणून कोणती बोटं, हे आधी बघायचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्यांच्याकडची अर्धी बाजू बधिर होते, रात्री झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं: ही मनगटातल्या अरुंद बोगद्यात (कार्पल टनेल) मीडियन नस दबल्याची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची ठरलेली तऱ्हा. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू असेल तर संशय कोपरापाशी अल्नर नसेवर. मानेत नसेचं मूळ दबलं तर अनामिका अशी मधोमध सहसा विभागली जात नाही. तिथे मान वळवली की कळ हातात उतरते. अंगठ्याखालच्या उंचवट्याची त्वचाही सुन्न असेल तर मनगटाच्या वर, कोपराच्या बाजूला शोधावं लागतं, कारण त्या भागाची शाखा बोगद्याच्या आधीच फुटून बाहेरून जाते. इतकी माहिती एक पैसाही खर्च न करता मिळते, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

कार्पल टनेलवर बी-१२चं इंजेक्शन हा उपाय नव्हे. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावायचा, मधुमेह आणि थायरॉइड तपासून घ्यायचे. अंगठ्याखालचा स्नायू सपाट दिसू लागला असेल तर मात्र ऑपरेशनचा निर्णय लांबवू नये.

आता ‘आधी इंजेक्शन’. ते घेतलं की रक्तातली पातळी चढते, आणि मुळात कमतरता होती का, हे नंतर नीट सांगता येत नाही. तपासणीसाठी रक्त आधी द्यावं, इंजेक्शनची सुई नंतर टोचून घ्यावी. नुसतं फॉलिक ॲसिड घेणं तर आणखी फसवं: रक्तक्षय सुधारतो, पण बी-१२अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं.

‘अपाय नाही’ हे सरळ चूक आहे. नसांच्या गोळ्यांमध्ये बहुधा बी-६ असतं, आणि जास्त बी-६ स्वतःच बधिरता आणतं. दिवसाला काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्यांच्या नसा बिघडल्याचं १९८३ सालीच प्रसिद्ध झालं होतं. आपली रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये रोजची कमाल मर्यादा २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली; काही गोळ्यांत १०० मिलिग्रॅम असतं. मुंग्या वाढल्या म्हणून गोळ्या वाढवणाऱ्याचं पुढे काय होत असेल?

मेसेज ज्यांचं नावही घेत नाही, ते आजार जास्त घातक आहेत. दोन्ही हात अवघडले, शर्टाची बटणं लागेनात, अक्षर बिघडलं, चाल डळमळली, तर मानेत मज्जारज्जू दबला असू शकतो; एमआरआय लवकर हवा. त्वचेवर स्पर्श न कळणारा चट्टा असेल, चटका बसूनही कळत नसेल, तर कुष्ठरोग तपासावा. तो औषधांनी बरा होतो, पण उशीर केला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात.

राहिला नॉर्मल रिपोर्ट. नसांची ही तपासणी (नर्व्ह कंडक्शन) नसेतले फक्त जाड तंतू मोजते. जळजळ आणि थंड-गरम पोचवणारे बारीक तंतू तिच्या आवाक्यातच नाहीत. त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून पाहावा लागतो. सुरुवातीच्या कार्पल टनेलमध्येही ती कधीकधी नॉर्मल येते. आणि मानेतलं मूळ दबलं असेल तर संवेदनेचा भाग नॉर्मलच येणं अपेक्षित असतं, कारण त्या तंतूंच्या पेशी दाबाच्या जागेच्या बाहेर शाबूत असतात. म्हणजे बोट बधिर आणि रिपोर्ट चांगला, ही जोडीच कधीकधी मानेकडे बोट दाखवते. (उलट मानेच्या एमआरआयमध्ये झीज दिसली की तिलाच दोषी धरू नये, तक्रार नसलेल्यांच्या मानेतही ती सापडते.) असा रिपोर्ट हातात आला तर कोणती बोटं, किती वाजता, काय करताना बधिर होतात हे लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि विचारा: या तपासणीत काय काय दिसलं नसतं?