बाटलीवर ससा छापला की झालं?

आज एका शाम्पू कंपनीचं उत्तर आलं आणि डोकंच फिरलं. नाव घेत नाही. असलं उत्तर देणारी ती एकटीच असेल असं मला अजिबात वाटत नाही. बाटलीवर 'क्रुएल्टी-फ्री' लिहिलंय, शेजारी गोंडस ससा काढलाय, म्हणून मी विचारलं होतं की प्राण्यांवर चाचण्या नक्की कोण करत नाही? तुम्ही? तुम्हाला कच्चा माल पुरवणारे? की तुम्ही पैसे देऊन ज्यांच्याकडून काम करून घेता त्या प्रयोगशाळा? उत्तरात आधी निसर्गप्रेमावर एक परिच्छेद. मग एकच कामाचं वाक्य: आम्ही आमच्या तयार उत्पादनांची प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने बंधनकारक असेल तिथे वगळता. आणि खाली सवलतीचं कूपन.

कूपन! मी सशाबद्दल विचारतेय आणि हे मला कंडिशनर विकतायत.

आता ते वाक्य परत वाचा. तयार शाम्पूची चाचणी न करणं यात कसला आलाय मोठेपणा? प्रश्न असतो घटकांचा. फेस आणणारं नवं रसायन, नवं प्रिझर्व्हेटिव्ह, नवा सुगंध. हे ब्रँड स्वतः बनवत नाही, दुसऱ्याकडून घेतो. म्हणजे चाचणी पुरवठादाराच्या कागदावर आणि ससा यांच्या बाटलीवर. वर 'कायद्याने बंधनकारक असेल तिथे' ही पळवाट आहेच.

माझी भाची बाहेरगावी गेली होती तेव्हा तिचा ससा, भुऱ्या, माझ्याकडे होता. त्याचा एक डोळा आला होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, खालची पापणी हलकेच ओढायची आणि थेंब सोडायचा. मला वाटलं होतं चावेल, ओरबाडेल. काहीही नाही. तोंडातून आवाज नाही. नुसता ताठ झाला, आणि टॉवेलावरून माझ्या तळहाताला त्याच्या काळजाची धडधड लागत होती. ससे आपल्यासारखी पापण्यांची उघडझाप करत नाहीत. तो थेंब डोळ्यात तसाच चकाकत राहिला. आणि हे औषध होतं, त्याच्या भल्यासाठी!

ड्रेझ टेस्ट म्हणजे हेच, फक्त औषधाच्या जागी शाम्पू. १९४४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएतल्या (तिथली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) जॉन ड्रेझ यांनी ही पद्धत मांडली. एका डोळ्याची खालची पापणी ओढून पदार्थ आत टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १ तास, २४ तास, ४८ तास, ७२ तासांनी बघायचं: लाली किती, सूज किती, बुबुळावरचा पारदर्शक पडदा गढूळ झाला का. लागलं तर २१ दिवसांपर्यंत. पंजाने डोळा चोळता येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं सशांना फक्त डोकं बाहेर राहील अशा खोक्यांत अडकवलं गेलं. ससाच का? स्वस्त, गरीब, डोळे मोठे, पाणी कमी येतं म्हणून पदार्थ लवकर धुऊन जात नाही. या सगळ्यात तो ओरडतही नाही, हे मी माझ्या मांडीवर बघितलंय.

१९८० मध्ये हेन्री स्पायरा नावाच्या प्राणीहक्क कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्लॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीला जाहीर विचारलं, सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळं करता? त्याच वर्षी कंपनी पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला पैसे द्यायला तयार झाली. म्हणजे लाज वाटली की पैसे निघतात. आज माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या ऊतींवर डोळ्याची जळजळ तपासता येते आणि ओईसीडीने (चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी, अनेक देशांची संघटना) त्या पद्धती मान्यही केल्यात. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांवर होणारी एक चाचणीही त्या मान्य यादीत आहे. त्याने मला आनंद झालाय असं नाही, पण जिवंत डोळ्यापेक्षा बरं.

"अगं पण आता बंदी आहे ना?" आहे. युरोपियन युनियनने २००४ मध्ये तयार सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या थांबवल्या, २००९ मध्ये घटकांच्या, आणि २०१३ पासून असा माल विकायलाही बंदी. भारतात २०१४ मध्ये आधी चाचण्यांवर आणि मग तशा मालाच्या आयातीवर बंदी आली. छान झालं, टाळ्या. पण चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रसाधनांना कित्येक वर्षं प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून साध्या मालाला, म्हणजे शाम्पू-कंडिशनर वगैरेला, योग्य कागदपत्रं असतील तर त्यातून सुटका मिळते. केसांचा रंग, पर्मिंग आणि केसगळतीवरची उत्पादनं मात्र 'विशेष' गटात, त्यांना ती सवलत नाही. केसांच्या ब्रँडला नेमकं हेच विचारायला हवं. तुमचा शाम्पू असेल हो शुद्ध, पण तुमचा हेअर कलर कुठकुठे विकता? एका बाटलीवर ससा आणि दुसऱ्या खोक्याबद्दल अळीमिळी गुपचिळी!

आणि युरोपातही सगळं आलबेल नाही. तिथे रसायनांचा वेगळा कायदा आहे, रीच नावाचा. घटक फक्त प्रसाधनात वापरला जात असला तरी कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राण्यांवरची चाचणी मागता येते, असं तिथल्या न्यायालयाने २०२३ मध्ये सिम्राइज कंपनीच्या खटल्यात सांगितलं. कामगारांची काळजी नको असं कोण म्हणेल? मी तर नाही. पण मग ब्रँडने तसं सांगावं ना ग्राहकाला!

बरं, एक गोष्ट मान्य. जुने घटक बहुतेक सगळेच कधी ना कधी कुठल्या तरी प्राण्यावर तपासले गेलेत. ते आता पुसता येत नाही.

म्हणूनच तारीख ठरवणं महत्त्वाचं. लीपिंग बनीवाले (अमेरिकेतल्या संघटनांनी १९९६ मध्ये सुरू केलेला, क्रुएल्टी-फ्री प्रमाणपत्र देणारा कार्यक्रम) ब्रँडला एक तारीख ठरवायला लावतात. त्यानंतर ना कंपनी, ना पुरवठादार चाचणी करणार. दरवर्षी बांधिलकीचं नूतनीकरण आणि बाहेरच्या लोकांकडून तपासणी. बाटलीवर स्वतःच काढलेल्या सशाला यातलं काहीही लागत नाही, चित्रकार पुरतो. आणि ब्रँडला प्रमाणपत्र म्हणजे मालक कंपनीला प्रमाणपत्र नव्हे. गार्निएला २०२१ मध्ये लीपिंग बनी मिळालं, तिची मालक असलेल्या लॉरिआलच्या सगळ्या ब्रँडना नाही. त्यावरून गार्निए घ्यावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर ज्याने तपासणी करू दिली त्याला थोडे तरी गुण द्यावेत. 'व्हीगन', म्हणजे प्राण्यांपासून मिळालेला एकही घटक नसलेलं, हा आणखी तिसराच विषय. क्रुएल्टी-फ्री बाटलीत लोकरीतून, शिंगांतून किंवा पिसांतून काढलेलं केराटिन (केस ज्याचे बनतात ते प्रथिन) खुशाल असू शकतं.

आता हे लिहिता लिहिता जरा शांत झालेय. ते उत्तर टाइप करणाऱ्या मुलीचा काय दोष? तिला वरून मजकूर आला असेल, तिने चिकटवला. तिच्यावर राग नाही. राग तो मजकूर वकिलाकडून तपासून घेणाऱ्यावर आहे. भुऱ्याच्या डोळ्यात एक थेंब टाकताना माझा हात थरथरत होता, आणि हे 'वगळता' असं लिहून मोकळे होतात. त्या एका शब्दात किती खोकी मावतात कुणास ठाऊक.

मी परत लिहिलंय, या वेळी फक्त प्रश्न: तारीख कोणती, पुरवठादारांकडून लेखी घेता का, हेअर कलर कुठल्या देशांत विकता. तुम्हीही तुमच्या ब्रँडला विचारा आणि जे येईल ते खाली टाका, कूपनसकट.

आणि "मग औषधांचं काय, तीही प्राण्यांवर तपासतात" ही कमेंट येणारच, तेव्हा आधीच सांगते. औषधांचा प्रश्न अवघड आहे, माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. पण केस जरा जास्त चमकावेत हा आजार नाही, आणि त्यासाठी कुणाच्या डोळ्यात काहीही टाकायची गरज नाही. यावर वाद घालायचा असेल तर स्वतःच्या भिंतीवर घाला.