पांढरीवर पाय ठेवल्याशिवाय

गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या, ट्रेकच्या आणि नात्यातल्या. मजकूर थोडक्यात असा: ‘आता उपग्रहातून जमिनीखालचं सगळं दिसतं. माया लोकांची शहरं उपग्रहानंच शोधली. सरस्वती नदीचा मार्ग आणि तिचा काळही उपग्रहानं सिद्ध केला. मग वर्षानुवर्षं खणत बसणाऱ्या संस्थांवर पैसा कशाला? मोबाइलवर गुगल अर्थ उघडा, गावाजवळचं प्राचीन नगर स्वतः शोधा आणि लोकेशन सगळ्यांना पाठवा.’

मी पुण्यात नकाशांचं काम करते. दिवसभर उपग्रहाच्या प्रतिमा समोर असतात आणि सुट्टीच्या दिवशी भीमा-घोडच्या काठानं जुन्या वस्त्यांच्या खुणा बघत हिंडते. या प्रतिमांवर माझा जीव आहे. त्यांच्या नावावर काहीही खपवलेलं मला सोसत नाही, म्हणून हा मजकूर एकेक वाक्य घेऊन तपासते.

‘जमिनीखालचं सगळं दिसतं.’

दिसत नाही. उपग्रहाचा साधा कॅमेरा टिपतो तो जमिनीवरून परत फिरलेला उजेड. जमिनीखाली दगडी भिंत असेल तर तिच्यावरच्या मातीत ओल कमी टिकते आणि तिथलं पीक आधी पिवळं पडतं. खाली जुना बुजलेला खंदक असेल तर पीक जास्त तरारतं. आपण बघतो ते पीक. भिंतीचा आणि खंदकाचा आपण अंदाज बांधतो.

रडारचा, म्हणजे स्वतः लहरी सोडून परत आलेल्या टिपणाऱ्या यंत्राचा, दाखला लगेच दिला जातो. नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया या अमेरिकी अवकाशयानावरच्या रडारनं सहाराच्या वाळूखाली बुजलेले नद्यांचे मार्ग दाखवले, हे खरं आहे. पण ते शक्य झालं कारण तिथली वाळू कोरडीठाक होती, आणि तरीही लहरी एखाद-दोन मीटरच आत गेल्या. आपली काळी माती चिकण असते, पाणी धरून ठेवते. ओल लागली की लहर वरच्या वर परतते. सहाराचं उदाहरण शिरूर-दौंडला लावून चालत नाही.

आपल्याकडची खरी खूण वेगळीच आहे आणि ती आपल्या बोलीत आधीपासून आहे: पांढर. गावाची काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जिथे पिढ्यानपिढ्या माणसं राहिली तिथे राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची माती असं सगळं साचत जातं आणि जमीन फिकट, भुरभुरीत होते. वस्ती उठून गेली तरी पांढरीचं टेकाड उरतं. मे महिन्यात रानं मोकळी असताना काढलेल्या प्रतिमेत हे टेकाड काळ्या शेतांमध्ये राखाडी डागासारखं उठून दिसतं. नदीचं वळण, थोडी उंच जागा आणि असा डाग हे तिन्ही जुळलं की माझे हात थांबतात.

दोन वर्षांपूर्वी घोडच्या काठावर असाच एक डाग मिळाला होता. आकार बरोबर, जागा बरोबर. आम्ही तिघं जण पहाटेच्या एसटीनं निघालो. शेताच्या मालकांना विचारून बांधावरून चालत गेलो, तर पायाखाली वितळून काळ्या पडलेल्या विटांचे गठ्ठे आणि कोळशाची भुकटी. ती जुनी वीटभट्टी होती. मालक म्हणाले, ‘ताई, पांढर बघायची तर ती पल्याड, ओढ्याच्या अंगाला.’ तिथे गेलो. प्रतिमेत त्या जागेवर फक्त बाभळी दिसत होत्या. पण पावसानं कापलेल्या घळीत लालसर खापरांचे तुकडे होते, वर काळ्या रंगात तिरप्या रेघा. एक तुकडा दुसऱ्यावर हलकेच आपटला तर धातूसारखा खणखणला. जोर्वे पद्धतीच्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांची ही ओळख. आम्ही फोटो काढले, तुकडे होते तिथेच ठेवले. उपग्रहानं दाखवलेली जागा चुकली होती, आणि खरी जागा त्याला दिसलीच नव्हती.

‘माया लोकांची शहरं उपग्रहानंच शोधली.’

माया ही मध्य अमेरिकेतली प्राचीन संस्कृती. २०१८ मध्ये तिथल्या ग्वाटेमालात सुमारे २,१०० चौरस किलोमीटर जंगलात ६० हजारांहून अधिक बांधकामं नोंदली गेली, ती विमानातून सोडलेल्या लेझरच्या किरणांनी. या तंत्राला लायडार म्हणतात. झाडांच्या पानांमधून काही किरण जमिनीपर्यंत पोचतात आणि जमिनीचा चढउतार कळतो. तेही जमिनीच्या आत जात नाहीत.

उपग्रहाच्या प्रतिमेवरून माया नगर सापडल्याची बातमी २०१६ मध्ये जगभर फिरली होती. कॅनडातल्या एका शाळकरी मुलानं तारकासमूहांच्या नकाशावरून जागेचा अंदाज बांधला होता आणि तिथल्या प्रतिमेत जंगलातला एक चौकोन दिसला होता. त्या भागाच्या अभ्यासकांनी सांगितलं की ते पडीक मक्याचं शेत असावं.

‘सरस्वतीचा मार्ग आणि काळही सिद्ध झाला.’

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून हा दावा जास्त नीट बघायला हवा. जिला अनेक जण सरस्वती मानतात त्या घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्राचा रुंद पट्टा लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमांमध्ये स्पष्ट दिसतो आणि १९८० पासून त्यावर शास्त्रीय लेखन झालं आहे. पण प्रतिमेवर तारीख असते ती फोटो काढल्याची. पात्र कधी वाहत होतं, हे प्रतिमा सांगू शकत नाही.

ते सांगायला आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांना तिथे जाऊन जमिनीत खोल नळ्या घालून गाळ वर काढावा लागला. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सतलजनं हे पात्र आठ हजार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. म्हणजे हडप्पा संस्कृतीची नगरं वसली तेव्हा तिथे हिमालयातून येणारी मोठी नदी नव्हती. मोठ्या नदीनं सोडलेल्या दरीत ती वसली. निष्कर्ष कुणाला रुचो न रुचो, तो गाळातून आला. प्रतिमेनं नळी कुठे घालायची तेवढं दाखवलं, आणि तेही मोलाचं काम आहे.

‘मोबाइलवर उघडा आणि नगर शोधा.’

जरूर उघडा. पण आधी काय दिसणार नाही ते माहीत असू द्या. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या प्रतिमेत एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. १,०७६ चौरस फुटांचा अख्खा फ्लॅट एका ठिपक्यात. गुगल अर्थवर यापेक्षा बारीक दिसतं, पण ते चित्र आत्ताचं नसतं, कित्येकदा वर्ष-दोन वर्षं जुनं असतं.

आणि उपग्रह बघतो वरून. आपला महाराष्ट्र लेण्यांचा आहे, आणि लेणी कड्याच्या उभ्या अंगात कोरलेली. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे. वरून पाहा, डोंगराची पाठ आणि झाडझाडोरा दिसेल. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर रोज हजारो पुणेकरांच्या शेजारी आहे, पण प्रतिमेत झाडांच्या गर्दीत फार तर नंदीमंडपाचं गोल छत हाती लागतं. लेणं खडकाच्या पोटात आहे.

कोकणातली कातळशिल्पं तर उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आकाशाकडे तोंड करून आहेत. तरी त्यांच्या रेघा काही सेंटिमीटर रुंदीच्या. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गुराख्यांना, गावातल्या जाणत्यांना विचारत सडे पायी पालथे घातले, म्हणून ती नोंदली गेली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत पोचली.

‘मग खणायचं कशाला?’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. इनामगाव ही जोर्वे काळातली वस्ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे बारा हंगाम खणलं. १३० हून अधिक घरं उघडी झाली. त्यांत पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, शेजारी धान्याचं कोठार. घराच्या जमिनीखाली मुलांची दफनं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायची रीत होती. पण चार पायांच्या मातीच्या एका रांजणात बसवलेला एक पुरुष मिळाला, त्याचे पाय शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असं अभ्यासक मानतात. वरच्या थरांत चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊस कमी झाला आणि गावावर दिवस फिरले, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या रांजणातल्या माणसाचे पाय कुठल्या उपग्रहाला दिसले असते? एवढंच दिसलं असतं की नदीकाठी एक फिकट डाग आहे.

‘लोकेशन सगळ्यांना पाठवा.’

कृपा करून पाठवू नका. असं लोकेशन सर्वांत आधी गुप्तधनवाले वापरतात. अमावस्येच्या रात्री खणलेले खड्डे, फुटलेले रांजण आणि लिंबू-कुंकू मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. थर एकदा उलटापालटा झाला की कुठलं खापर कुठल्या काळचं हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही. परवान्याशिवाय उत्खनन करणं कायद्यानंही चालत नाही. जागा सापडली तर पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठातल्या विभागाला कळवा.

उपग्रहाचं जे खरं देणं आहे, त्याचा या फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहांनी फिल्मवर फोटो काढले, आणि फिल्मच्या डब्या आकाशातून पडताना विमानांनी झेलल्या. १९९५ मध्ये आठ लाखांहून अधिक फोटो खुले झाले. चांगल्या फोटोत दोन मीटरपर्यंतची वस्तू ओळखू येते. हे फोटो भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी भरण्याआधीचे आहेत, उसाआधीचे, जमिनी सपाट करणाऱ्या यंत्रांआधीचे. जे आता जमिनीवर उरलेलं नाही, ते शोधायला मला यापेक्षा चांगलं साधन माहीत नाही.

कारण पांढरी जात आहेत. पांढरीची माती शेताला खतासारखी चालते, हे शेतकऱ्याला आजोबांपासून ठाऊक आहे आणि त्यात त्याची काही चूक नाही. पूर्वी बैलगाडीनं जायची, आता डंपरनं जाते. भीमेकाठच्या एका पांढरीच्या दहा वर्षांतल्या प्रतिमा मी एकाखाली एक लावून ठेवल्या आहेत. पहिल्या प्रतिमेत डाग पूर्ण आहे. तिसऱ्यात पूर्वेची कड सरळ कापलेली आहे, पाचवीत अर्धा डाग उरला आहे आणि त्याच्या टोकाला जेसीबीची पिवळी पाठ आणि तिची सावली दिसते. शेवटच्या प्रतिमेत बांधापासून नदीपर्यंत एकसारखा हिरवा ऊस आहे.