कृपया खुर्चीवर बसू नये

गेल्या रविवारी एका कलादालनात ‘महत्त्वाकांक्षा, लालसा आणि मोहभंग’ या विषयावरील मांडणशिल्प, म्हणजे वस्तू मांडून खोलीभर उभी केलेली कलाकृती, पाहण्यास गेलो होतो. तासाभराने पाय बोलू लागले, म्हणून कोपऱ्यातील एका साध्या लाकडी खुर्चीवर टेकलो. टेकतो न टेकतो तोच दालनाचा रखवालदार धावत आला आणि अतिशय अजिजीने म्हणाला, “साहेब, उठा. ही खुर्ची म्हणजे मोहभंग आहे.” मी उठलो. तेव्हापासून या कलाप्रकाराचा मी आस्थेने विचार करीत असून, आधुनिक समाजाच्या आकांक्षांवर ज्या वाचकांना असेच काही मांडावयाचे असेल, त्यांच्या सोयीसाठी काही सूचना येथे देत आहे.

सर्वप्रथम शिडी मिळवावी. महत्त्वाकांक्षा म्हणजे शिडी, लालसा म्हणजे आरसा आणि मोहभंग म्हणजे रिकामी खुर्ची, हे समीकरण आता पाढ्यांइतके पक्के झालेले असल्याने त्यात बदल करून प्रेक्षकांना गोंधळात टाकू नये. शिडी मात्र भिंतीला टेकवू नये, कारण टेकवलेली शिडी कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचा धोका असतो. ती छताला टांगावी आणि वरच्या दोन पायऱ्या काढून टाकाव्यात.

प्रकाश कमी ठेवावा. अंधारात सगळेच गहन दिसते.

सफाई कर्मचाऱ्यांना आगाऊ सूचना द्यावी. इटलीतील बोलझानो येथे २०१५ साली एका कलासंग्रहालयात, १९८० च्या दशकातील चंगळवादावर भाष्य करणारी मांडणी होती. तीत शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटची थोटके जमिनीवर विखुरलेली होती. सफाईला आलेल्या मंडळींनी ती आदल्या रात्रीच्या समारंभाचा केर समजून पिशव्यांत भरून टाकली. पुढे संग्रहालयाने मांडणी पुन्हा उभी केली. पण चंगळीनंतर काय उरते आणि ते कोण उचलते, या प्रश्नाचे नेमके उत्तर त्या एका रात्रीत मिळून गेले होते, असे माझ्यासारख्या अडाण्यास वाटते.

आता भित्तिलेख. वस्तू नसल्या तरी चालतील, भित्तिलेख हवाच. मी पाहिलेल्या मांडणीत तो दाराशेजारी माणसाहून उंच फलकावर होता आणि त्याचे पहिले वाक्य असे होते की, प्रस्तुत मांडणी आकांक्षेच्या अनुपस्थित देहाशी संवाद साधत अवकाशाच्या सच्छिद्रतेचे प्रश्नांकन करते. हे वाक्य मी तीनदा वाचले. ‘अवकाश’ म्हणजे ती खोली, एवढे कळले. देह अनुपस्थित असेल तर संवाद कोणाशी चालला आहे, हे कळले नाही. ‘प्रश्नांकन’ हा शब्द पुढे आणखी पाच वेळा आला, पण प्रश्न एकदाही आला नाही. आपणही असेच लिहावे. क्रियापद शक्य तेवढे लांबणीवर टाकावे, ‘विमर्श’, ‘धांडोळा’ आणि ‘अस्तित्वभान’ हे शब्द आलटून पालटून वापरावेत, आणि लेख पूर्ण झाल्यावर तो घरातील कोणासही वाचून दाखवू नये. कारण घरातला माणूस विचारील, “म्हणजे काय?” आणि हा प्रश्न या कलेस सोसत नाही. याउलट, इल्या काबाकोव्ह या सोव्हिएत कलावंताने १९८५ साली मॉस्कोतील आपल्या कार्यशाळेत एक खोली उभी केली. सामायिक घरातल्या त्या कोंदट खोलीच्या भिंती सरकारी प्रचारचित्रांनी झाकलेल्या, मधोमध स्प्रिंगा आणि पट्ट्या ताणून बनवलेली गोफण, वर छताला भगदाड आणि खाली मागे राहिलेले बूट. खोलीतला माणूस त्या गोफणीतून थेट अंतराळात निघून गेला आहे! आणि सोबतच्या मजकुरात काय, तर शेजाऱ्यांच्या तोंडची हकीकत, साध्या माणसांच्या साध्या बोलीत. महत्त्वाकांक्षा, लालसा, मोहभंग हे सगळे त्या भगदाडात आहे आणि ते सांगण्यासाठी त्यातला एकही शब्द भिंतीवर लिहावा लागलेला नाही. आपल्याला लिहावा लागतो, कारण आपल्याकडे भगदाड नाही, केवळ भित्तिलेख आहे. असो. मी सूचना देत होतो.

ही कला कशी, अशी कोणी शंका घेतलीच, तर ज्याने विकतचे मूत्रपात्र कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवले त्या कलावंताचे नाव घेऊन ‘ड्यूशाँ, १९१७’ एवढेच म्हणावे आणि दुसरीकडे पाहावे.

“याचा अर्थ काय?” असे कोणी विचारल्यास “तुम्हाला काय वाटते?” असे म्हणावे. मला असेच विचारण्यात आले. मला खुर्ची हवी होती, असे मी सांगितले. त्यावर “ही प्रतिक्रियासुद्धा कलाकृतीचाच भाग आहे,” असे उत्तर मिळाले. अशा उत्तरास कोणतीही टीका लागू होत नाही, म्हणून ते तोंडपाठ ठेवावे.

बाजाराचाही विचार असावा. २०१९ साली मायामीत भिंतीवर चिकटपट्टीने चिकटवलेले केळे १,२०,००० डॉलरांना विकले गेले आणि २०२४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कलाकृतीच्या एका प्रतीला ६२ लाख डॉलर मिळाले. लिलावाच्या दिवशीचे केळे जवळच्याच फळगाडीवरून ३५ सेंटला आणलेले होते. ग्राहकाने पुढे कलाकृतीतले केळे पत्रकारांसमोर खाल्लेही. लालसा आणि मोहभंग यांवर भाष्य करायचे तर त्या फळगाडीपासून सुरुवात करता आली असती, पण गाडीला चिकटपट्टी लावून भिंतीवर टांगता येत नाही.

आता हा मुखवटा मला पेलवत नाही. मायकेल लँडी या कलावंताने आपल्या मालकीच्या ७,२२७ वस्तूंची यादी केली आणि २००१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका रिकाम्या दुकानात दोन आठवड्यांत त्या सर्व लोकांसमोर मोडून टाकल्या. त्यांत त्याचा जन्मदाखला होता, पारपत्र होते, मोटार होती, वडिलांचा कोट होता. त्याला त्याची काहीतरी किंमत मोजावी लागली. आणि ही मांडणी उभारणाऱ्यांनो, तुम्ही काय मोजलेत? शिडी तुमची नाही, ती सुताराने केली आणि त्याचे नाव फलकावर कुठेही नाही. प्रायोजकांची बोधचिन्हे मात्र एका ओळीत सहा आहेत, तीही शिडीहून जास्त उजेडात! समाजाच्या हव्यासावर बोट ठेवताना ते बोट कोणाच्या पैशाने उचलले जाते, एवढेही तुम्हाला दिसत नाही. लोक खोट्या आकांक्षांमागे धावतात, अशी तक्रार करणारा मजकूर तुम्ही उद्घाटनाच्या छायाचित्रांसाठी लिहिता, ही शुद्ध अप्रामाणिक गोष्ट आहे. तिला कला म्हणू नका, आणि ज्याला ती कळत नाही त्याला मंदही समजू नका.

निघताना त्या रखवालदाराला मी विचारले, तुम्ही केव्हापासून उभे आहात? “सकाळी दहापासून,” तो म्हणाला, “आम्हाला बसायचे नसते.” तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. आठ तास त्या माणसाने तुमचा मोहभंग लोकांच्या बुडांपासून राखला होता, आणि तुमच्या संपूर्ण भित्तिलेखात त्याच्यावर एक अक्षर नाही. पुढच्या वेळी दोन खुर्च्या आणा. एक हवी तर टांगा, पण दुसरीवर त्याला बसू द्या.